ऑरिन बॅचेल्डरचं हिरवं बटण

अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या आमच्या टॅमरॅक गावात ऑरिन बॅचेल्डरला आमदार म्हणून कोणी ओळखत नसे. तो तेलवाला ऑरिन. हिवाळ्यात घरं तापवायचं तेल घरोघरच्या तळघरात जाऊन टाकीत भरायचं, हा त्याचा तीस-एक वर्षांचा धंदा. गाडी स्वतःची, नळी स्वतःची. कोणाच्या घरात ऊब आहे आणि कोण नुसतंच स्वेटरवर स्वेटर चढवून बसलंय, हे त्याला न विचारता कळायचं. जिथे टाकीही रिकामी आणि हातही रिकामा, तिथे तो म्हणायचा, "नळीत थोडं उरलंय, कुठेतरी ओतायलाच हवं." आणि ओतून जायचा. त्या नळीत नेहमीच बरंच काही उरलेलं असे.

वयाने तो माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. पण गावात त्याला 'अहो' म्हणणारं कोणी नव्हतं, तेव्हा मीही 'तो'च लिहिते.

त्याचं दुसरं काम गावच्या अँब्युलन्सचं. ही गाडी आगीच्या बंबाशेजारी उभी असते, आणि ती चालवणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. पुढे चाकावर ऑरिन आणि मागे रुग्णाजवळ क्लॉडेट पेलेटिए. क्लॉडेटचं केस कापायचं दुकान. तिच्याकडे रुग्णसेवेचा परवाना होता, आणि जीभ अशी की कात्रीला धार तिच्याकडूनच मिळत असावी. फोन आला की गिऱ्हाईक अर्ध्या कापल्या डोक्याने खुर्चीत सोडून ती धावत सुटायची. एका बाजूने केस कापलेला माणूस रस्त्यात दिसला की टॅमरॅकचे लोक हसत नसत. विचारत, "कोणाला नेलं?"

एका जानेवारीत फोन ऑरिनच्याच घरून आला. तो तेव्हा आमच्या तळघरात तेल भरत होता. त्याची बायको हेस्टर स्वयंपाकघरात कोसळली होती. हॉस्पिटल खिंडीच्या पलीकडे, लिंडन फॉल्सला. रस्ता चांगला असला तर पाऊण तास, आणि त्या दिवशी बर्फ पडत होतं. क्लॉडेट अजून सांगते, "मी मागून ओरडत होते, 'आहे, आहे, अजून आहे!' आणि हा पठ्ठ्या एकदाही मागे वळून बघेना. नुसती मान हलवायचा आणि गाडी हाकायचा."

हेस्टर वाचली. त्यानंतर सहा वर्षं जगली. सहाही वर्षं चर्चच्या जेवणावळीत तिचा काळा गोड पाव सगळ्यांच्या आधी संपत असे.

ती गेली, आणि पुढल्या वर्षी नवा नियम आला. अँब्युलन्समध्ये दोन माणसं हवीत आणि दोघांकडेही रुग्णसेवेचा पूर्ण परवाना हवा. नुसता चालक चालणार नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. शहरातल्या माणसाला तो रास्तच वाटेल. पण त्या परवान्याचं शिक्षण खिंडीपलीकडे, वर्षभर संध्याकाळी. आमची तरुण माणसं दोन-दोन नोकऱ्या करणारी, ती कधी जाणार? ऑरिन गेला. सत्तरीला टेकलेला माणूस परीक्षेला दोनदा बसला आणि दोनदा आपटला.

"पुस्तकात ज्या हाडांची नावं आहेत ना," तो म्हणाला, "त्यातली निम्मी माझ्या अंगात नाहीतच."

दोन वर्षांची सवलत होती. ती संपली की आमची गाडी बंद. मग टॅमरॅकमध्ये कोणी कोसळलं तर लिंडन फॉल्सची गाडी खिंड ओलांडून येणार. येईल तेव्हा.

त्याच सुमाराला आमच्या भागाची आमदारकी रिकामी झाली, आणि ती घ्यायला कोणी पुढे येईना. न्यू हॅम्पशरच्या आमदाराला वर्षाला शंभर डॉलर मिळतात, मोटारीला आपल्या खुर्चीच्या क्रमांकाची पाटी मिळते, आणि बोलणी सगळीकडून मिळतात. उभं कोणीच राहिलं नाही. मतपत्रिकेवर नुसती कोरी ओळ. ज्याला जे सुचेल त्याने ते नाव लिहावं.

क्लॉडेटला सुचलं. तिने दोन महिने दुकानात एकच विषय लावला. मानेवर वस्तरा असताना माणूस सहसा नाही म्हणत नाही.

गावातलं एकमेव वाणसामानाचं दुकान एझ्रा पिंकमचं. कोणत्याही गोष्टीला आधी विरोध करायचा आणि मग ती काय आहे ते विचारायचं, हा त्याचा स्वभाव. मी दूध घ्यायला गेले होते तेव्हा दोघांची जुंपली होती.

"अगं, पण तो बोलतच नाही!" पिंकम म्हणाला. "आमदाराला बोलायला लागतं."

"बोलणारे तिथे चारशे आहेत," क्लॉडेट म्हणाली. "एखादा गप्प बसणारा गेला तर त्यांनाही बरं वाटेल."

"मी माझ्या कुत्र्याचं नाव लिहिणार. तो निदान भुंकतो तरी."

"लिही. तुझ्यापेक्षा त्याच्यावर लोकांचा विश्वास जास्त आहे."

पिंकमने खरंच कुत्र्याचं नाव लिहिलं. बाकीच्यांनी ऑरिनचं. बॅचेल्डर हे नाव चुकवायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत तेवढ्या सगळ्या त्या दिवशी पेटीतून निघाल्या. काहींनी नुसतंच 'तेलवाला' लिहिलं होतं. मोजणाऱ्या बाईंनी सगळी धरली. ऑरिनला निकाल कळला तेव्हा तो कोणाच्या तरी तळघरात होता.

"मला का?" त्याने क्लॉडेटला विचारलं.

"कारण जुलैत आपली गाडी बंद होणार आहे आणि तुला झोप लागत नाही. मला माहिती आहे. तुझ्या खिडकीत दिवा असतो."

 हेस्टरच्या अंत्यविधीला घातलेला काळा कोट ऑरिनने कपाटातून काढून झटकला.

राज्याच्या राजधानीत त्याला खुर्ची मिळाली लोइस ट्वॉम्बलीच्या शेजारची. लोइसबाई ऐंशीच्या घरातल्या. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मोजे विणत बसायच्या, आणि सभागृहाचे नियम त्यांना आपल्या सुयांच्या टाक्यांसारखे पाठ. ऑरिनचं विधेयक लिहायला त्यांनीच मदत केली. हॉस्पिटलपासून लांबच्या गावांत, मागे परवाना असलेलं माणूस असेल तर पुढचा चालक फक्त गाडी चालवण्याची आणि प्रथमोपचाराची परीक्षा देऊन चालेल, एवढंच त्यात होतं. पण समितीत बहुमत विरुद्ध गेलं. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, असं त्यांचं म्हणणं. विधेयक सगळ्या सभागृहापुढे आलं मार्च महिन्यात.

मार्च म्हणजे आमच्याकडे चिखल आणि मेपलचा रस. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि झाडांना रस सुटतो. तो सुटला की माणसाच्या सवडीने थांबत नाही. त्याच दिवशी आटवून पाक करावा लागतो. ऑरिनचं घरामागे छोटंसं गुऱ्हाळ होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी रस असा काही सुटला की तो रात्रभर कढईपाशी उभा होता. सकाळी त्याची गाडी चिखलात निम्मी रुतलेली. शेवटी मी माझ्या गाडीतून त्याला घेऊन निघाले. क्लॉडेट दुकान बंद करून मागच्या सीटवर बसली. सगळ्या गाडीला धुराचा आणि पाकाचा वास.

"डोळे मिट थोडे," मी म्हटलं.

"मिटले तर उघडायचे नाहीत," ऑरिन म्हणाला.

आम्ही दोघी वरच्या सज्जात बसलो. खाली चारशे खुर्च्या आणि समोर भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा भलामोठा फलक. बाजूने म्हटलं की नावापुढे हिरवा दिवा, विरोधात म्हटलं की लाल. बोलायचं लोइसबाईंनी असं ठरलं होतं, कारण ऑरिनला माईकची धास्ती. बाई छान बोलल्या. मग दुसऱ्या बाजूचे बोलले. मग आणखी कोणी. घरचं गुऱ्हाळ बरं, निदान शेवटी पाक तरी निघतो. मी खाली बघितलं तर ऑरिनची हनुवटी छातीवर टेकलेली.

सभापतींनी मतदान पुकारलं. लोइसबाईंनी त्याला कोपर मारलं. तो दचकून उठला. त्याने आपल्या विधेयकाचा क्रमांक ऐकला आणि खुर्चीजवळचं बटण दाबलं.

फलक उजळला. क्लॉडेटने माझा दंड इतक्या जोरात धरला की संध्याकाळी वळ दिसत होता.

"त्याच्या नावापुढे बघ," ती म्हणाली. "हिरवा आहे."

"मग बरंच ना?"

"कसलं बरं! ठराव काय आहे? 'असा कायदा करणे इष्ट नाही.' त्याला हिरवं म्हणजे विधेयक मारा! आपल्या बाजूच्या सगळ्यांनी लाल दाबलंय. गाढवाने स्वतःच्याच विधेयकाला मूठमाती दिली!"

विधेयक पडलं. ऑरिनच्या एका मताने नाही, चांगल्या वीस-बावीस मतांनी. पण हे तेव्हा कोणाला सुचतंय? तो फलकाकडे बघत उभा होता. मग त्याने कोट उचलला आणि दाराकडे निघाला.

खाली उपाहारगृहात आम्ही त्याला गाठलं. समोर कॉफीचा पेला, आणि दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवलेले, जणू त्यांच्यावर आता त्याचा भरवसा नव्हता.

"मला घरी घेऊन चल," तो मला म्हणाला.

"जेव आधी," क्लॉडेट सूपचा वाडगा त्याच्यापुढे ठेवत म्हणाली.

"क्लॉडेट, मी आपली गाडी बंद पाडली."

"पाडलीस. आता सूप पी."

तेवढ्यात लोइसबाई आल्या. विणकामाची पिशवी टेबलावर आपटली आणि बसल्या. आणि हसायला लागल्या. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू.

"ऑरिन," त्या म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं, 'चहा नको ना?' आणि तू म्हणालास, 'हो.' तर तुला चहा मिळेल का?"

"नाही."

"तेच केलंस तू. इथे नवा आलेला प्रत्येक जण एकदा करतो. मी माझ्या पहिल्या वर्षी एका पुलाचं केलं होतं. पण आता ऐक. झालेल्या मतदानाचा फेरविचार करा, असा ठराव बैठक उठायच्या आत मांडता येतो. मात्र कोणालाही नाही. जो जिंकणाऱ्या बाजूने मत देतो, त्यालाच."

क्लॉडेटचा चमचा हवेतच राहिला.

"आपल्या बाजूच्या सगळ्यांनी लाल दाबलं," लोइसबाई म्हणाल्या. "आपण सगळे हरलो. मला तोंड उघडायची सोय नाही. विरोधातले कशाला उघडतील? या अख्ख्या इमारतीत आपला असा एकच माणूस आहे जो जिंकलाय. आणि तो इथे बसून सूप गार करतोय."

ऑरिनने वाडगा बाजूला सरकवला. "म्हणजे मला उभं राहावं लागणार."

"हो."

"आणि बोलावं लागणार."

"माईकमध्ये," क्लॉडेट म्हणाली. "सूप पी."

सज्जात परत येताना क्लॉडेटने खिशातली जपमाळ काढली. मी मनातल्या मनात नाम घ्यायला लागले. तिची मेरीमाता आणि माझा देव एकमेकांना ओळखत असतील की नाही कोण जाणे, पण त्या दुपारी दोघांचं लक्ष एकाच माणसावर होतं, एवढं नक्की.

ऑरिन माईकपाशी गेला तेव्हा लोक आपापसात बोलत होते, कागद चाळत होते. त्याने घसा साफ केला.

"सभापतीमहाराज, मी सकाळी माझंच विधेयक मारलं."

कागदांची सळसळ थांबली.

"मी झोपलो होतो. काल रात्रभर पाक आटवत होतो. जाग आली आणि दिसलं ते पहिलं बटण दाबलं."

हशा पिकला. चारशे माणसं हसली की इमारत हलते. कोणीतरी मागून ओरडलं, "पाक तरी चांगला झाला का?"

"नंबर एक झालाय," ऑरिन म्हणाला. "हवा असेल तर गाडीत आहे."

पुन्हा हसले. सभापतींनीही हातोडा खाली ठेवला. ऑरिन हसणं ओसरेपर्यंत थांबला. त्याला घाई करता येत नाही. तेलाची टाकी जेवढ्या वेळात भरायची तेवढ्याच वेळात भरते.

"तुम्ही म्हणता, शिकलेली दोन माणसं बरी. बरीच. मीही म्हणतो. पण आमच्याकडे एक आहे. ती वर बसलीय, केस कापते. दुसरा मी, मला हाडांची नावं येत नाहीत. आम्ही दोघांनी माझ्या बायकोला खिंडीपलीकडे नेलं. मला तिची सहा वर्षं मिळाली. पलीकडून गाडी यायची वाट बघितली असती तर मिळाली नसती. बस, एवढंच. माझ्याकडे दुसरं काही नाही."

तो वळला. मग परत माईकपाशी आला.

"एक राहिलं. मी चुकलो, तर तुमच्याकडे मागे फिरायचा नियम आहे, म्हणून मी इथे उभा आहे. त्याबद्दल आभार. खिंडीत तो नियम नाही. तिथे माणूस गेला की फेरविचाराचा ठराव मांडता येत नाही."

आणि जाऊन बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, गेलं.

फेरविचाराचा ठराव आधी मताला आला. हिरवे, लाल, हिरवे. माझी नजर ठरेना. झाला मंजूर. मग पुन्हा तोच जुना प्रश्न, 'कायदा करणे इष्ट नाही.' वरून मला दिसत होतं, लोइसबाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि ऑरिनचं मनगट धरलं. पुढे त्यांनीच सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, "लाल. आणि दाबायचं तूच. तुझ्यासाठी मी दाबलं तर मला या वयात घरी पाठवतील."

लाल. लाल. लाल. सकाळी ज्यांनी हिरवं दाबलं होतं त्यांच्यातलेही कितीतरी लाल झाले. ठराव पडला, आणि विधेयक उठून बसलं. क्लॉडेटने मला मिठी मारली, आणि मग सज्जाच्या कठड्यावरून वाकून अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आता झोप, ऑरिन!" शिपायाने आम्हा दोघींना बाहेर काढलं.

पुढचे तीन महिने विधेयक वरच्या सभागृहात रखडलं, दोन ठिकाणी कापलं गेलं, एका ठिकाणी शिवलं गेलं. जूनच्या अखेरीला त्यावर सही झाली. नव्या कायद्याखाली चालकाची परीक्षा देणाऱ्यांत ऑरिन पहिला. अँब्युलन्स उलटी चालवत आणून बंबाशेजारच्या अरुंद जागेत त्याने अशी लावली की परीक्षक बाई म्हणाल्या, "तुम्ही हे आधी केलंय वाटतं."

तो आणखी दोनदा निवडून गेला. पुढच्या वेळी नाव छापलेलं होतं, पण काहींनी खाली सवयीने 'तेलवाला' लिहिलंच. सभागृहात तो पुन्हा क्वचितच बोलला. त्याच्या नावाचा दुसरा कायदा नाही. गावच्या मार्चमधल्या वार्षिक सभेत हात वर करायची वेळ आली की कोणीतरी हमखास ओरडे, "ऑरिन, आधी ठराव ऐक!" आणि पिंकमने तर दुकानाच्या दारावर एक हिरवं बटण चिकटवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आमदारांनी हात लावू नये.' ऑरिन रोज ते दाबून आत जायचा.

त्या चेष्टेचा शेवट एका ऑक्टोबरात झाला. सकाळी पिंकम मक्याच्या पिठाची पोती उचलत होता. मी गल्ल्यापाशी उभी. तो एकाएकी खाली बसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "हे काही मला आवडत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा विरोध खरा होता. मी फोन केला.

बंबाची शेड तिथून हाकेच्या अंतरावर. क्लॉडेट केसांत कंगवा खोचलेल्या अवस्थेत तशीच आली. ऑरिन गाडी घेऊन आला. दोघांनी पिंकमला उचललं. रस्त्याच्या पलीकडे आमचे पाद्रीसाहेब उभे होते, डोकं एका बाजूने भादरलेलं आणि खांद्यावर दुकानाचा पांढरा कपडा. त्यांनी तसेच डोळे मिटून हात वर केले. मीही हात जोडले. गाडी खिंडीकडे गेली.

आत काय झालं ते क्लॉडेटकडून ऐकलेलं. पिंकम पांढराफटक पडला होता, घामाने भिजला होता. तरी जीभ गप्प बसेना.

"ऑरिन," तो म्हणाला, "पुढे बरीच बटणं असतील रे. कशालाही हात लावू नकोस."

 खिंडीच्या चढावर गाडी हळू करावी लागली. तेव्हा ऑरिनने समोर बघतच विचारलं, "एझ्रा, तू मरत नाहीयेस ना?"

"हो," पिंकम म्हणाला. मग म्हणाला, "नाही." मग, "अरे, कसं विचारतोस तू!"

"विचार करून सांग," क्लॉडेट म्हणाली, त्याच्या नाडीवर बोट ठेवून. "तुझ्या उत्तरावर बरंच काही अवलंबून आहे."

"नाही!" पिंकम ओरडला. "नाही म्हणजे नाही! आहे मी, आहे, अजून आहे, गाढवा!"

ऑरिनने मान हलवली. मागे वळून बघितलं नाही.